गोठवलेला चौदा नंबर

कार्लाम्पी, १२ फेब्रुवारी १९९४

टाउनो काका, नमस्कार.

आधी एक चूक दुरुस्त करते, बाकीचं नंतर.

नाताळात मी तुम्हाला तुक्की आइस हॉकी क्लबच्या इतिहासाचं सहावं प्रकरण पाठवलं होतं. त्यात लिहिलं होतं की १९७७च्या उपांत्य मालिकेच्या शेवटच्या सामन्यात बाबांचा गुडघा मोडला, तेव्हा तुम्ही त्यांच्याबरोबर गाडीत बसून इस्पितळात गेलात, आणि म्हणून मालिकेनंतर दोन्ही संघ हात मिळवायला रांगेत उभे राहिले तेव्हा आमचा कर्णधार तिथे नव्हता. हे खोटं आहे. तुम्ही रांगेत होतात. सगळ्यांत पुढे होतात. समोरच्या संघातल्या ज्या हेलस्तेनने बाबांना कठड्यावर चिरडलं, त्याचाही हात तुम्ही हातात घेतलात.

हे मला लेम्पीआजीने सांगितलं. हॉलमधल्या कॉफीच्या टपरीत ती अजून बसते. मी प्रकरण वाचून दाखवलं तर म्हणाली, "कुणी शिकवलं गं तुला हे? इस्पितळात टाउनो? अख्ख्या गावाने पाहिलं त्याला बर्फावर."

शिकवलं आईने. शाळा लांब होती आणि माझी छाती नाजूक, म्हणून पहिली तीन वर्षं तिने मला घरीच स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवलं, हे तुम्हाला माहीत आहे. त्या टेबलावर शिकलेली कुठलीही गोष्ट मी कधी तपासत नाही. वाचनालयात नोकरी करते, दुसऱ्यांच्या तारखा तीन-तीनदा पडताळते, आणि घरचं मात्र तसंच छापायला निघाले होते. पुढच्या सामन्याच्या पत्रकात दुरुस्ती देते आहे.

आता दुसरं. गेल्या शनिवारी दुसऱ्या विश्रांतीत संचालक सार्कोला माइक घेऊन बर्फावर आला. कोट, बूट, खाली अंथरलेला गालिचा. म्हणाला, कार्लाम्पी लहान आहे, लाकूड गिरणीची एक बाजू बंद पडली आहे, निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. तेव्हा मुख्य लीगमधली आपली जागा दक्षिणेतल्या एका मोठ्या शहराला द्यायची बोलणी झाली आहेत. संघ तिकडे जाईल. नाव तुक्कीच राहील, जर्सीच्या छातीवर ओंडक्याचं चित्रही राहील. "तुमचा इतिहास आम्ही जपून नेऊ," असं म्हणाला, घर बदलताना काचेच्या वस्तूंबद्दल बोलतात तसं.

लोकांनी शिट्ट्या मारल्या. मग त्याने हात वर केला आणि छताकडे बोट दाखवलं, तुमच्या चौदा नंबरच्या जर्सीकडे. म्हणाला, "कर्णधार टाउनोशी मी स्वतः बोललो आहे. चौदा नंबर आमच्याबरोबर येणार. त्यांनी शब्द दिला आहे."

शिट्ट्या थांबल्या, काका. तेच मला सहन झालं नाही.

गोठवलेला नंबर ज्याचा, त्याच्याच शब्दाने हलतो, ही इथली रीत आहे. पंधरा वर्षांत तो नंबर कुणा पोराने सरावालासुद्धा घातलेला नाही. म्हणून विचारते: हे खरं आहे का? मला वाटतं तो खोटं बोलतोय. तुम्ही एक ओळ लिहा, मी ती पत्रकाच्या पहिल्या पानावर छापते. फोन करत नाही, कारण फोनवर मला नीट रागावता येत नाही.

इंकेरी काकूंचं कंबरेचं दुखणं कसं आहे?

तुमची,
सायमी


वेस्तेरोस, २४ फेब्रुवारी

सायमी,

पत्र पोचलं. काकूची कंबर तशीच आहे. डॉक्टर म्हणतो चाला, ती म्हणते तूच चाल. इथे बर्फ कमी पडला यंदा. कारखान्यातून मला गेल्या महिन्यात निवृत्तीचा निरोप दिला, भिंतीवरचं घड्याळ देऊन. वेळ आता माझ्याकडे पुष्कळ आहे, तो मोजायला घड्याळ दिलं.

दुरुस्ती योग्य आहे. मी रांगेत होतो. त्यात मऊपणा आणू नकोस, कारणं जोडू नकोस. 'कर्णधाराने हात मिळवला' एवढंच लिही आणि पूर्णविराम दे. तुझी आई चांगली बाई होती. तिने जे सांगितलं ते तुझ्या भल्यासाठी सांगितलं असेल.

जर्सीचं काय एवढं, पोरी. कापडाचा तुकडा आहे. कसरीने नाही तर धुळीने जायचाच.

लेम्पी अजून कॉफीत मीठ टाकते का चिमूटभर? त्या टपरीसमोर हल्ली कोण कोण उभं असतं?

टाउनो


कार्लाम्पी, ३ मार्च

टाउनो काका,

मी एकच प्रश्न विचारला होता. तुम्ही काकूंच्या कंबरेबद्दल लिहिलंत, बर्फाबद्दल लिहिलंत, घड्याळाबद्दल लिहिलंत, कॉफीतल्या मिठाबद्दल विचारलंत. माझ्या प्रश्नाच्या जागी कापडाचा तुकडा आहे. पत्र चार वेळा वाचलं, न जाणो माझीच काही ओळ वाचायची राहिली असेल. राहिलेली नाही.

टपरीसमोर कोण असतं ते सांगते. परवाच्या सामन्यात गिरणीचा जुना फोरमन ओस्मो होता, त्याची बायको होती, शाळेचे निवृत्त मास्तर होते. मी ऐकत होते.

ओस्मो म्हणाला, "मी तर नाही म्हणणार होतो. आता काय नाही म्हणू? कर्णधारच निघालाय गाठोडं घेऊन."

बायको म्हणाली, "तो तर सतरा वर्षांपूर्वीच गेला. आता त्याचा शर्ट चाललाय मागून."

"शर्टाला तरी वाट सापडली."

हसले सगळे. लेम्पीआजी हसली नाही. तिने ओस्मोच्या कपात इतकी गरम कॉफी ओतली की त्याने जीभ भाजून घेतली. आणि हो, मीठ ती अजून टाकते.

मास्तर हळूच म्हणाले, "हॉल तर आपणच बांधला."

हे तुम्हाला नव्याने सांगायला नको. त्या उन्हाळ्यात तुळया चढवणाऱ्यांत तुम्ही होतात. गिरणीने लाकूड दिलं, गावाने हात दिले, बायकांनी वाटाण्याचं सूप पातेल्यांनी आणलं. ज्याने ज्याने श्रमदान केलं तो आजन्म सभासद झाला, आणि ज्यांची पोरं झाली त्यांनी ती जन्मल्याबरोबर सभासद केली. माझंही नाव आहे. संघ चालवते ती सार्कोलाची कंपनी, पण नाव आणि ओंडका आपल्या मंडळाचे आहेत, आणि मंडळाच्या संमतीशिवाय लीग जागा हलवू देत नाही. सोळा एप्रिलला सभासदांची सभा आहे. हात वर करून मतदान. महिन्यापूर्वी मला खात्री होती की 'हो'साठी वर येणारे हात सार्कोलाच्या मेहुण्यांचेच असतील. आता लोकांना लाज न वाटता 'हो' म्हणायची सोय झाली आहे. ती सोय तुमच्या नावाची आहे.

बाबा काही बोलत नाहीत. ते हॉलमध्ये बर्फ घासून सारखं करायचं मशीन फिरवतात, पाय ओढत घरी येतात, सौना तापवतात. मी तुमचं नाव काढलं की लाकडं आणायला बाहेर जातात. लाकडांचा ढीग भिंतीएवढा झाला आहे.

पुन्हा विचारते. तुम्ही सार्कोलाला शब्द दिलात का? हो किंवा नाही.

सायमी


वेस्तेरोस, १४ मार्च

सायमी,

हो.

मिळालं उत्तर? आता बाकीचं ऐक, कारण तूही नुसतं 'हो' छापून मोकळी होशील आणि त्यालाच इतिहास म्हणशील.

सार्कोला इथे आला होता जानेवारीत. दार वाजवलं, टोपी काढली, माझ्या स्वयंपाकघरात बसला. काकूने तळलेले मासे दिले, त्याने दोनदा मागून घेतले. गोड बोलणारा आहे, मला कळतं ते, मी काही काल जन्मलो नाही. पण सतरा वर्षांत कार्लाम्पीहून येऊन माझ्या टेबलाशी बसलेला तो पहिला माणूस. तुझी पत्रं गेल्या वर्षीपासून येतात, तीही इतिहासासाठी माहिती हवी म्हणून सुरू झाली. मी तक्रार करत नाही. हिशोब सांगतो.

त्या संध्याकाळी काय झालं ते तुझ्या लेम्पीने अर्धंच सांगितलं. मी हात मिळवत पुढे गेलो आणि हॉल शांत झाला. शिवी आली असती तर बरं झालं असतं. दोन हजार माणसं होती, ज्यांच्यासाठी मी दात पाडून घेतले होते, आणि सगळी माझ्याकडे पाहत गप्प. हेलस्तेन रडत होता, सांगतो तुला. वीस वर्षांचं पोर होतं, त्यालाही माहीत होतं त्याने काय केलं. कुणी ते पाहिलं नाही.

सकाळी दारावर माशांची आतडी होती. काकूने ती गरम पाण्याने धुतली, रडत नव्हती, नुसती घासत होती. दुकानात तिला पाव देताना हात मागे घ्यायचे. गिरणीत माझ्या बाकावर कुणी बसेना. हे महिनाभर. भावाला भेटायला इस्पितळात गेलो तर त्याने भिंतीकडे तोंड केलं. त्या भिंतीकडे पाहून मी परत आलो आणि काकूला म्हणालो, बांध सामान.

दोन वर्षांनी माझा नंबर छताला टांगला म्हणून कळलं. मला वाटलं, बरोबर आहे, मेलेल्या माणसाचा फोटो लावतात तसा लावला. आता तो परत येऊन बाकावर बसायची भीती नाही. क्लबच्या कुठल्या तरी साहेबाची कल्पना असेल, तिकिटं खपवायची. बोलावणं आलं होतं, छापील. मी ते चुलीत घातलं.

तेव्हा आता ते गाव तुक्कीवाचून राहिलं तर मला वाईट वाटायला हवं का? सार्कोलाने विचारलं, चौदा नंबर नेऊ का. मी म्हणालो, न्या. खुशाल न्या. काकू तेव्हा उठून बाहेर गेली, हेही लिहितो, तू खरेपणाची एवढी चाड ठेवतेस म्हणून.

हात का मिळवला, असं तू विचारलं नाहीस. विचारू नकोस. माझ्याकडे कारण होतं. ते ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे.

टाउनो


कार्लाम्पी, २३ मार्च

टाउनो काका,

तुमचं पत्र वाचल्यावर मी दोन दिवस तुमच्यावर इतकी चिडले होते की लिहिलेली तीन पत्रं फाडली. पहिल्यात मी लिहिलं होतं की गावाने केलं ते नीचपणाचं होतं, पण तुम्ही करताय तेही तेच आहे: दारावर आतडी टाकणं. फक्त तुम्ही सार्कोलाच्या हाताने टाकताय, आणि दारं माझीही आहेत. ते पत्र फाडलं असलं तरी त्यातली ही ओळ मला अजून खरी वाटते, म्हणून इथे लिहिते आहे.

पण तुमची शेवटची ओळ डोक्यातून जाईना. ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. मला आधी वाटलं हेलस्तेनबद्दल म्हणताय. मग वाटलं आजोबांबद्दल, कारण क्लबचे ते पहिले अध्यक्ष, आणि सामना हात मिळवल्याशिवाय संपत नाही, नाहीतर तो घरी येतो, असं ते म्हणायचे, हे मी पहिल्याच प्रकरणात लिहिलंय. पण आजोबा तेव्हा जाऊन सहा वर्षं झाली होती. मेलेल्या माणसाबद्दल कुणी 'माहीत आहे' असं लिहीत नाही. राहिलं कोण?

सोमवारी हॉल रिकामा असतो. बाबा यंत्राच्या खोलीत पात्याला धार लावत होते. मी दार लावून घेतलं आणि तुमचं पत्र त्यांच्यासमोर मोठ्याने वाचलं. तुमची परवानगी घेतली नाही. त्याबद्दल माफी मागायचा विचार केला, पण मागत नाही.

भिंतीच्या वाक्यापर्यंत आले तेव्हा त्यांनी पातं खाली ठेवलं.

"पुढे वाच," म्हणाले.

वाचलं. शेवटची ओळ झाल्यावर बराच वेळ ते हातमोजा काढत राहिले, एकेक बोट.

"त्याने सांगितलं नाही तुला?"

"काय?"

"मग मी कसं सांगू."

"तोंडाने सांगा, बाबा."

मी त्यांच्याशी असं कधी बोलले नव्हते. ते जमिनीकडे बघत म्हणाले, "मी पाठवलं त्याला. रांगेत."

तुम्हाला हे माहीतच आहे. पण मला माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलं तसं लिहिते, म्हणजे तुम्हीही तपासून बघा. त्यांना स्ट्रेचरवर घालून हॉलच्या बोळातून नेत होते. तुम्ही स्केट्स घालूनच मागे धावत आलात, सिमेंटवर ठिणग्या उडत होत्या. तुम्ही म्हणालात, मी येतो बरोबर. बाबा म्हणाले, तू कर्णधार आहेस, जा रांगेत. तुम्ही म्हणालात, त्याचा हात मी घेणार नाही, मोडेन. त्यावर बाबा म्हणाले, "टाउनो, घे. नाहीतर हा सामना घरी येईल." आणि तुम्ही गेलात.

"मग गावाला का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"कुणी विचारलं नाही."

"बाबा."

"लोक सूप आणत होते, सायमी. लोकरी मोजे विणून आणत होते. ओस्मो रोज संध्याकाळी येऊन बसायचा, तुझा भाऊ असा आणि तसा म्हणायचा. पहिल्या दिवशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी बोलायचं तर पहिल्या दिवसाचं उत्तर द्यावं लागणार होतं. मग महिना झाला. टाउनो आला तेव्हा त्याच्याकडे बघवेना."

म्हणजे आईला माहीत होतं. म्हणूनच तिने मला टेबलाशी बसवून खोटं शिकवलं. तुम्ही रांगेत होतात असं सांगितलं असतं तर मी लगेच विचारलं असतं, का होते. मी तशीच मुलगी होते.

मग मी रागाने म्हणाले, की त्यांनी तुम्हाला हाकललं आणि क्लबच्या साहेबांनी तुमचा शर्ट टांगून तिकिटं खपवली. तेव्हा पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला.

"कुठला साहेब? मी मागितलं ते. तीन सभांमध्ये मागितलं. दोनदा मला हसले. शिडीवर चढून खिळा मी मारला, कुबडी खाली टाकून. मॅनेजर म्हणत होता, दुसरा कुणी चढेल. मी म्हणालो, नाही."

"मंडळासमोर नंबर मागता आला, आणि खरं सांगता नाही आलं?"

"नाही आलं," म्हणाले. "म्हणून तर चढलो."

त्या संध्याकाळी त्यांनी दारावरच्या माणसाजवळ तुमच्या नावाचं तिकीट ठेवलं होतं. शेवटची शिट्टी होईपर्यंत ते दाराशीच उभे होते, सामना पाहिलाच नाही. तुम्ही ते बोलावणं चुलीत घातलंत.

मला कळत नाही मी कुणावर जास्त रागावले आहे. बाबांवर, की त्यांनी सतरा वर्षं सूप पचवलं. तुमच्यावर, की तुम्ही तोंड मिटून घेतलंत आणि त्याला निष्ठा म्हणत राहिलात, आणि मग पहिल्या गोडबोल्या माणसाला आमचा क्लब माशांबरोबर वाढून दिलात. की गावावर. ओस्मोला रोज भेटते, त्याच्याकडे बघून हसणं मला आता जमत नाही.

सार्कोलाचे फलक लागले आहेत. तुमचा जुना फोटो, खाली 'कर्णधार आमच्याबरोबर.' बसथांब्यावर आहे, चर्चसमोर आहे, वाचनालयाच्या दारावरही आहे. मी रोज सकाळी तुमच्या चेहऱ्याला ढकलून आत जाते.

सायमी


वेस्तेरोस, २ एप्रिल

सायमी,

तुझ्या बापाने, विल्होने, ते वाक्य बोलून दाखवलं, हे वाचून मी उठलो आणि फिरायला गेलो. परत आलो तर काकूने तुझं पत्र पुरतं वाचलं होतं. मला वाटलं काही बोलेल. म्हणाली, "म्हणजे ती आतडी मी विल्होची धुतली." आणि ईस्टरची खीर ढवळत राहिली. ती तुझ्या बापाला इतक्यात माफ करणार नाही, मी सांगून ठेवतो. मीही नाही.

सामना घरी येईल म्हणे. आलाच की.

काल सार्कोलाला फोन केला. म्हणालो, शब्द मागे घेतो, नंबर हलवायचा नाही. तो हसला. म्हणाला, "कर्णधार, फलक छापून झाले. आणि जर्सी हॉलमध्ये आहे, हॉलमधलं सामान कंपनीचं आहे. तुमच्या भावना मी समजू शकतो." माझे मासे खाल्ले त्याने. दोनदा.

मी म्हणालो, नंबर गोठवलेला आहे, आणि ज्याचा आहे तो जिवंत आहे. तो म्हणाला, ही तुमची गावठी रीत झाली.

तर आता नीट ऐक. नंबर मी मोकळा करतो. गावाला देत नाही, सार्कोलाला तर नाहीच. ज्याने टांगला त्याने उतरवावा. विल्होने स्वतः शिडी चढायची, त्याच गुडघ्यानिशी. आणि उतरवून तो सभेत न्यायचा आणि तुला यंत्राच्या खोलीत जे सांगितलं ते तिथे उभं राहून सांगायचं, ओस्मो समोर बसलेला असताना. त्यानंतर लोकांना हो म्हणायचं तर म्हणू दे. पण माझ्या पाठीमागे लपून नाही.

तो बोलला तर शर्ट मला इकडे पाठव, नाही बोलला तर पाठवू नकोस. मला त्याची गरज नाही, इथे फार थंडी नसते.

मी सभेला येणार नाही. मला त्या दारातून आत जायचं नाही. त्याने एकदा दाराशी उभं राहून वाट पाहिली, मीही एका भिंतीसमोर उभा होतो.

तू विचारशील म्हणून सांगतो: ठिणग्यांचं खरं आहे. त्या स्केट्स नंतर कधी नीट चालल्या नाहीत.

टाउनो


कार्लाम्पी, ९ एप्रिल

टाउनो काका,

हे पत्र सभेच्या आधी तुम्हाला मिळावं म्हणून आजच टाकते आहे.

तुमचं पत्र मी बाबांना वाचायला दिलं, या वेळी मोठ्याने वाचलं नाही. ते टेबलाशी बसले, त्याच टेबलाशी, आणि चष्मा लावून एका ओळीवर बोट ठेवून वाचत गेले. मग म्हणाले, "चढायला जमेल. बोलायला जमेल का ते माहीत नाही."

मी म्हणाले, "तुम्ही नाही बोललात तर मी बोलणार आहे. तुम्ही तिथे बसलेले असताना."

"तू? तुला तर दुकानात सुटे मागताना घाम फुटतो."

"फुटू दे."

ते हसले नाहीत. म्हणाले, "लिहून नेशील ना? काहीतरी चुकेल म्हणून."

लिहून नेणार नाही. पाठ झालं आहे. लेम्पीआजीसमोर दोनदा म्हणूनही दाखवलं. पहिल्यांदा तिने मध्येच थांबवलं आणि म्हणाली, "मी पण त्या दिवशी गप्प बसलेच होते की गं. माझं नाव का नाही घेत?" मी म्हणाले, दोन हजारांची नावं कशी घेऊ. म्हणाली, "माझं घे. बाकीच्यांना कळेल मग." म्हणून तिचं नाव घेणार आहे. तिच्या परवानगीने.

आपण जिंकू असं मी लिहीत नाही, कारण मला माहीत नाही. ओस्मो 'हो' म्हणेल असं मला अजून वाटतं, आणि खरं कळल्यावर तर लाजेने अधिकच जोरात म्हणेल. माणसं तसंही करतात. मास्तर 'नाही' म्हणतील. मधल्यांचं काही सांगता येत नाही. क्लब गेला तर इतिहासाचं शेवटचं प्रकरण मलाच लिहावं लागेल, आणि त्यात सगळ्यांत आधी आपलं घर येईल. राहिला तरी तेच प्रकरण लिहीन. तेवढं मी ठरवलं आहे.

सार्कोलाने परवा मला वाचनालयात गाठलं. म्हणाला, "पोरी, तुझे काका म्हातारे झालेत, आज एक म्हणतात उद्या एक. तू शहाणी आहेस." मी त्याला म्हणाले की वाचनालयात हळू बोलायचं असतं. तो म्हणाला, मी हळूच बोलतोय. मी म्हणाले, अजून हळू. एवढंच सुचलं. नंतर शिक्का उलटा मारला एका पुस्तकावर. पण फलक काढला. वाचनालयाच्या दारावर काय लावायचं ते मी ठरवते, ते माझ्या कामातच येतं. तुमचा चेहरा घडी करून खणात ठेवला आहे, फेकला नाही.

शिडी तपासली. लाकडाचीच आहे, तुमच्या वेळची, दोन पायऱ्या नव्या बसवल्या आहेत. बाबा काल रात्रीचं जेवण झाल्यावर अंगणात ओसरीच्या तीन पायऱ्या चढत-उतरत होते, गुडघा धरून, पुन्हा पुन्हा. मी खिडकीतून पाहिलं. बाहेर गेले नाही. मी अजून त्यांच्यावर रागावलेलीच आहे आणि शिडी मीच धरणार आहे.

तुम्ही येणार नाही असं लिहिलंत. मी आग्रह करत नाही. काकूंना सांगा, सभेत मी त्यांचंही नाव घेणार आहे, आणि दार धुतल्याचंही सांगणार आहे, कारण ते बाबांच्या हातून सुटेल.

हॉलचं दार सकाळी बाबाच उघडतात. त्यांच्याकडे किल्ली आहे, आणि यंत्र फिरवायच्या आधी बर्फावर कुणी नसतं. तेव्हाच तुमचा नंबर आम्ही उतरवू, आणि तिथून सरळ सभेला जाऊ: शनिवारी, सोळा एप्रिलला.

सायमी